आधी वाजवून दाखवा

मागच्या वर्षी आपल्या हैदराबादच्या मराठी मंडळाने माझा सत्कार केला. शाल घालताना अध्यक्षांनी माझ्याविषयी चार गोष्टी सांगितल्या. त्यातल्या तीन खऱ्या होत्या. माझं गौलीगुड्यात दुकान आहे, मी व्हायोलिन दुरुस्त करतो आणि पंचाहत्तरी उलटली तरी माझा हात थरथरत नाही. चौथी गोष्ट त्यांनी अशी सांगितली, की रावसाहेब कुठल्याही वाद्याला हात लावण्यापूर्वी गिऱ्हाइकाला म्हणतात, "आधी वाजवून दाखवा," आणि ही शिस्त त्यांना त्यांच्या गुरूंनी लावली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले.

ही चौथी गोष्ट खोटी आहे आणि ती मीच पसरवलेली आहे. संपादकांनी या अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा म्हणून गळ घातली, तेव्हा मी आधी टाळलंच. अनुभव लिहायचे म्हणजे हाही लिहावा लागणार, आणि तो सोडून बाकीचे लिहिले तर पुन्हा तेच पाप. मग या श्रावणात एक मुलगी दुकानात आली आणि पुढे जे घडलं त्यानंतर लिहिलं नसतं तर मला झोप आली नसती. आता येते.

आमचे लोक मूळ नांदेडकडचे. आजोबांच्या वेळी हैदराबादेत आले आणि इथलेच झाले. वडील अफझलगंजच्या बाजूला बसून हार्मोनियम दुरुस्त करायचे. मला भात्याच्या धुळीने शिंका येत, म्हणून त्यांनी मला सिकंदराबादला आरोग्यस्वामी मास्तरांकडे ठेवलं. हे तमिळ ख्रिस्ती गृहस्थ चर्चमागच्या एका बोळात व्हायोलिन दुरुस्त करत. मी जे काही जाणतो ते त्यांचं. पण वाजवून घेण्याचा नियम मात्र त्यांचा नव्हे. गिऱ्हाईक दुकानात वाजवायला लागलं, की मास्तर विडी ओढायला बाहेर जात आणि ते थांबल्यावरच आत येत. "वाजवणं त्याचं काम, लाकूड माझं काम," असं ते म्हणायचे. मीही बरीच वर्षं असंच वागलो.

पुढचं समजायचं तर व्हायोलिनच्या दोन भागांची ओळख हवी. पहिला, पोटातला खांब. चार तारांचा ताण एवढा असतो, की आतून टेकू नसेल तर वरची फळी खचेल. त्यासाठी पेन्सिलीएवढा एक लाकडी खांब आत उभा असतो. तो चिकटवलेला नसतो, नुसत्या दाबाने उभा राहतो. तारा सगळ्या एकदम सैल झाल्या की तो पडतो आणि वाद्य हलवलं की आत खडखडतो. गिऱ्हाईक पांढऱ्या चेहऱ्याने येतं, आत काहीतरी तुटलं म्हणतं. मग वाकवलेली सळई वरच्या फळीतल्या फटीतून आत घालून, आतलं फारसं न दिसता, चाचपडत तो खांब पुन्हा उभा करायचा. शिकायला वर्ष लागतं आणि जमलं की पाच मिनिटांचं काम. पाच मिनिटांत झालेलं काम गिऱ्हाइकाला फुकटचं वाटतं, म्हणून मास्तर मुद्दाम संध्याकाळी या म्हणायचे. मीही तेच म्हणत आलो.

दुसरा भाग म्हणजे घोडी. तारा ज्या लहानशा लाकडी पुलावरून जातात ती. तिचा माथा कमानीसारखा गोल असतो. त्या गोलाईमुळे प्रत्येक तार वेगळ्या उंचीवर राहते, आणि गज, म्हणजे वाजवायची केसांची काठी, एका वेळी एकाच तारेला लागते. घोडी मेपलच्या लाकडातून कोरतात. तिचे पाय वाद्याच्या पोटावर असे बसले पाहिजेत, की खालून कागद सरकता कामा नये. घोडी कोरण्यात माझा हात धरणारा या शहरात दुसरा नव्हता. हे मी म्हणत नाही, माझ्यावर खार खाणारेही म्हणत.

गिऱ्हाइकं दोन जातींची. कर्नाटक संगीतवाले मांडी घालून बसतात, व्हायोलिनची मुंडी घोट्यावर टेकवतात, बोटं सरकावीत म्हणून तेल लावतात. त्यांचं वाद्य उघडलं की उदबत्ती आणि खोबरेल तेल यांचा वास येतो. चर्चवाले उभ्याने, हनुवटीखाली धरून वाजवतात. त्यांच्या वाद्यावर पावडर आणि घाम यांचा डाग असतो. पेटीचं झाकण उघडल्याबरोबर मालक कसा बसतो, काय वाजवतो, शेवटचं केव्हा वाजवलं, हे मी मालकाला न बघता सांगत असे. लोक थक्क व्हायचे. या सवयीनेच माझा घात केला.

रेमंड लालागुड्याच्या रेल्वे कारखान्यात डब्यांच्या सुतारकामावर होता. अँग्लो-इंडियन, तेव्हा माझ्याच वयाचा, म्हणजे पस्तिशीच्या आतबाहेर. व्हायोलिन तो जुन्या चादरीच्या पिशवीत घेऊन हिंडायचा. संध्याकाळी सिकंदराबादच्या एका हॉटेलात बँडबरोबर वाजवत असे. काय वाजवतो हे मी विचारलं नव्हतं. हॉटेलात काय वाजवतात ते मला ठाऊक आहे असं मी धरून चाललो होतो.

एकदा सकाळी तो धावतपळत आला. पोटातला खांब पडला होता. त्या संध्याकाळी बँड ऐकायला मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलची माणसं येणार होती. पसंत पडला तर वर्षभरासाठी सगळ्यांना मुंबईला नेणार होती. हे सांगताना त्याचा श्वास लागला होता.

"शामको लेताउं, रावसाब. खाली वो लकडी खडी करना, बस."

दख्खनीत 'खाली' म्हणजे फक्त, हे आपल्या मंडळींना सांगायला नको. पण मी तेवढाच शब्द सोडून बाकीचं ऐकलं.

तो गेल्यावर मी वाद्य पुढ्यात घेतलं आणि घोडी बघून मला त्याची कीव आली. मेपल नाहीच, सागवान. रंगाच्या खुणांवरून रेल्वेच्या डब्यातल्या खिडकीच्या जुन्या झडपेचा तुकडा वाटत होता. आणि माथा गोल नाही, जवळजवळ सपाट. उंबरठ्यासारखा. मनात म्हटलं, बिचाऱ्याने परवडत नाही म्हणून स्वतःच कापली, आणि सुतार असला तरी घोडी म्हणजे खिडकी नव्हे. अशा घोडीवर गज एका तारेवर राहणार कसा? तीन तारांवर एकदम घसरणार. मुंबईच्या लोकांसमोर हा असा वाजवणार?

खांब मी पाच मिनिटांत उभा केला. मग दुपारचं जेवण बाजूला ठेवून त्याच्यासाठी नवी घोडी कोरली. चांगलं मेपल, सुबक कमान. नवं लाकूड उठून दिसू नये म्हणून कॉफीच्या डिकॉक्शनमध्ये बुडवून जुना रंग आणला. ही आमच्या धंद्यातली नेहमीची युक्ती. तारा चढवून स्वतः वाजवून पाहिलं. एकेक तार घंटेसारखी सुटी. सागवानी घोडी टाकून देणार होतो, पण चांगलं लाकूड टाकवत नाही, म्हणून खणात टाकली. या कामाचे मी वेगळे पैसे लावले नाहीत. उपकार करत होतो ना.

संध्याकाळी तो आला, पिशवी उचलली आणि तसाच धावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात शास्त्रीगारू, म्हणजे आपल्याकडचे शास्त्रीबुवा, बसले होते. कर्नाटक पद्धतीचे मोठे विद्वान. शिष्यांची रांग. ते सगळे शिष्य माझ्याकडे येत, कारण शास्त्रीगारू सांगत, राव गारूंकडेच जा. माझ्या घरची निम्मी चूल त्यांच्या त्या एका वाक्यावर पेटत होती. ते कॉफी पीत होते आणि मी त्यांच्या वाद्याच्या खुंट्या घासत होतो. तेवढ्यात रेमंड दारात उभा राहिला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने पिशवीतून व्हायोलिन काढून माझ्यासमोर ठेवलं.

"रावसाब, मेरी घोडी किधर है?"

मी त्याला समजावू लागलो. ती घोडी नव्हती, लाकडाचा तुकडा होता, कमान अशी असावी लागते, वगैरे. शास्त्रीगारू ऐकत होते, त्यामुळे जरा जास्तच समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"बरोबर. पर वो किधर है?"

घोडी माझ्या उजव्या गुडघ्याला लागलेल्या खणात होती, सबंध, धडधाकट. काढून दिली असती तर त्याने तिथल्या तिथे बसवली असती, आणि राव गारूंनी केलेली घोडी एका सुताराने काढून फेकली हे शास्त्रीगारूंनी डोळ्यांनी पाहिलं असतं.

"निकालते वक्त टूट गई," मी म्हणालो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी पुढे म्हणालो, की घोडी आता ठीक आहे, खोट तुमच्या हातात आहे. शास्त्रीगारूंनी कॉफीचा पेला खाली ठेवला आणि तेलुगूत म्हणाले, एक तार धड वाजत नाही तो तीन वाजवतो, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं काहीतरी भारी चाललंय. मी हसलो. सिकंदराबादच्या माणसाला तेलुगू येतं हे मला माहीत होतं.

रेमंडने व्हायोलिन पिशवीत घातलं आणि गेला.

आदल्या संध्याकाळी काय झालं ते हळूहळू कानावर आलं. त्याची खासियत होती तीन तारा एकदम घासून धरलेला तो जाड सूर, आगगाडीसारखा. सगळा बँड त्या सुरावर उभा राहायचा. नव्या घोडीवर गज तारांच्या मध्ये अडकू लागला, सूर फाटू लागला. मुंबईच्या लोकांनी बँड घेतला आणि व्हायोलिनवाला वगळला. त्याने बँडवाल्यांना सांगितलं, रावसाबने घोडी बदलली. मुंबईला निघण्यापूर्वी बँडमास्तर स्वतः माझ्याकडे आला, गजाला केस घालून घ्यायला, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं. मी म्हटलं, जुनी मोडकी होती, चांगली बसवून दिली. तो मान हलवून म्हणाला, तेच म्हटलं मी, तुमच्या हाताने वाद्य बिघडेल कसं.

या शहरात व्हायोलिनवाले मूठभर. थोड्याच दिवसांत सगळ्यांना कळलं, की रेमंड आपलं अपयश दुसऱ्याच्या माथी मारणारा माणूस आहे. त्याचं वाजवणं मी अजाणता बिघडवलं होतं. त्याचा शब्द मात्र मी जाणूनबुजून बुडवला.

त्या वेळी मला हे एवढं स्पष्ट कळत नव्हतं, कारण तो चुकीचाच होता असं मला मनापासून वाटत होतं. ते पुढे दोनतीन वर्षांनी कळलं, आणि तेही फणीमुळे.

फणी इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, शास्त्रीगारूंचा बंडखोर शिष्य. त्याने व्हायोलिनचा आवाज मोठा व्हावा म्हणून एका बिघडलेल्या बझरमधली पितळी चकती काढून घोडीला गोंदाने चिकटवली होती आणि वायर अँप्लिफायरला जोडली होती. चालू केल्यावर अशी किंकाळी आली म्हणे, की खालच्या मजल्यावरचे लोक जिना चढून वर आले. ती चकती सोडवायला तो माझ्याकडे आला. शास्त्रीगारूंना सांगू नका अशी अट. मी घासत बसलो होतो तेव्हा त्याने पिशवीतून टेपरेकॉर्डर काढला. "राव गारू, बाहेरच्या देशात व्हायोलिनवर काय काय चालतं ते तर ऐका."

वादकांची नावं त्याने सांगितली होती; मला ती तेव्हाही उच्चारता आली नाहीत. पहिली कॅसेट जॅझची. वादक मूळ चालीच्या आसपास फिरत होता, तिला हात लावायचा आणि पळायचा. मला वाटलं हा बेसूर आहे. मग लक्षात आलं की तो सुराच्या बरोबर कडेवर चालतोय, आणि मुद्दाम. फणी म्हणाला, याच्या गजाचे केस सैल असतात. मी मनात नोंद केली. दुसरी रॉकची. व्हायोलिनचा आवाज लोखंड कापणाऱ्या करवतीसारखा. पण करवत चालवणाऱ्याला लय ठाऊक होती. मला हसू आलं, थोडं आवडलंही.

तिसरी कॅसेट ब्लूजची. सुरुवातीलाच तीन तारा एकदम, जाड, खरखरीत, मालगाडी पुलावरून जावी तशा. त्यावर एक सूर रडत रडत खाली घसरणारा.

माझ्या हातातली कानस थांबली. कानाला नवीन असलं तरी हाताला ते लगेच कळलं. हा आवाज गोल घोडीवर निघू शकत नाही. याला सपाट माथा लागतो. कोणीतरी मुद्दाम, मोजूनमापून सपाट केलेला.

फणीने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, पुन्हा लाव.

तो गेल्यावर मी खण उघडला. सागवानी घोडी तळाशी होती. मी ती पहिल्यांदा नीट पाहिली. माथा सपाट होता, पण सरळ नव्हता. एका बाजूला अगदी पुसट उतार दिला होता, जाड तारेला जागा मिळावी म्हणून. पाय माझ्यासारखेच बसवलेले, कागद न सरकणारे. मी ज्याला अडाणी म्हटलं त्याने हे कित्येकदा कापून, वाजवून, पुन्हा कापून केलं असणार.

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं आणि माझ्या तोंडून निघालं, "आधी वाजवून दाखवा." तो गोंधळला. कशाला, म्हणाला. खरं कारण सांगायची हिंमत नव्हती. म्हटलं, आमच्या मास्तरांचा नियम आहे. मास्तर तोपर्यंत वारले होते. त्यांना विचारायला कोण जाणार?

नियमाने माझा धंदा बदलला. छातीला टेकवून वाजवणारे आले, पाच तारांचं वाद्य करून घेणारे आले, गजाचे केस सैल हवेत म्हणणारा रेल्वेचा एक निवृत्त म्हातारा आला. तो जॅझ वाजवायचा आणि पूर्वी मी त्याच्या गजाचे केस दर वेळी घट्ट करून पाठवत होतो. बिचारा घरी जाऊन सैल करून घेत असे. मी विचारू लागलो, कसं हवंय, इथे घासतंय ते तुम्हाला हवंय की नकोय. पुष्कळदा हवं असायचं. चर्चवाले, कर्नाटकवाले यांच्याबरोबर ही तिसरी मंडळी माझ्याकडे वाढत गेली, आणि लोक म्हणू लागले, रावसाहेबांसारखं ऐकणारा कोणी नाही. ज्या चुकीने रेमंडचं नाव गेलं तिच्यातूनच माझं नाव झालं.

तुम्ही विचाराल, मग त्याला शोधलं का नाही. शोधलं. लालागुड्याला गेलो. त्याची काझीपेटला बदली झाली होती. कारखान्याच्या फाटकावरचा माणूस पत्ता काढून देतो म्हणाला. मी म्हटलं, राहू द्या. परतीच्या बसमध्ये मला इतकं हलकं वाटलं, की त्याचीच लाज वाटली. पुढे प्रत्येक दसऱ्याला हत्यारांची पूजा करताना खण उघडायचो, घोडी पुसायचो, हळदकुंकू लावायला हात पुढे व्हायचा नाही, आणि खण बंद करायचो. बायकोने एकदा विचारलं, ही कुणाची? मी म्हटलं, एका गिऱ्हाइकाची, येईल घ्यायला.

आता श्रावणातली मुलगी. ऋचा तिचं नाव. पुण्याची, नोकरी माधापूरला कॉम्प्युटरमध्ये. शनिवारी दुपारी पाठीवर पेटी घेऊन आली. मराठी बोलणारा दुकानदार भेटला म्हणून खूश झाली आणि माझ्या तोंडी दोनदा 'हो'च्या जागी 'हौ' ऐकून आणखी खूश झाली.

"काका, तुमचं मराठी भारी आहे. मधेच मियाँ येतात त्यात."

"इथे राहा आणखी दोन वर्षं. तुझ्याही मराठीत येतील," मी म्हटलं. "बोल, काय काम?"

"ब्रिज चपटा करून हवाय. मी ब्लूज शिकते. आणि सॉरी, पण सरांनी एक निरोप पाठ करून घेतलाय." तिने घसा साफ केला. "ते सुधारायला बघतील. सुधारू देऊ नकोस."

मी चष्मा काढला. तिला वाटलं मला राग आला. "कोण तुझे सर?"

"रेमंड सर. सिकंदराबादला असतात. रेल्वेतून रिटायर झालेत. ते म्हणतात, घोडी कापावी तर गौलीगुड्याच्या रावसाबनेच."

मी तिला सांगितलं, आधी वाजवून दाखव. ती वाजवत असताना मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. तो आवाज, कच्चा, नवशिका, पण तोच.

तिची घोडी मी तिच्यासमोर बसवून, तिला विचारत विचारत कापली. मग म्हटलं, मला तुझ्या सरांकडे नेशील का. ती म्हणाली, उद्या क्लास आहे, गाडीतून नेते. रात्रभर मी काय बोलायचं ते जुळवत होतो. मनात एकच भीती. हा माणूस माझ्यामुळे आयुष्यातून उठला असेल आणि ते मला समोर बघावं लागेल.

रेमंडचं घर रेल्वे लाइनच्या पलीकडे, बैठं, दारात कढीपत्त्याचं झाड. केस पांढरे झाले होते, पण खांदे सुताराचेच. भिंतीवर विद्यार्थ्यांची पाचसहा व्हायोलिनं टांगलेली. ऋचा बाहेर पायरीवर बसून तारा जुळवत राहिली. मी खुर्चीत बसलो आणि जुळवलेलं सगळं विसरलो. खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि घोडी टेबलावर ठेवली.

"टूटी नै थी," मी म्हणालो.

त्याने ती उचलून उजेडाकडे धरली. माथ्यावरून अंगठा फिरवला.

"मालूम था," तो म्हणाला. "मैं कारपेंटर हूं, रावसाब. इत्ता मोटा सागवान निकालते वक्त टूटता क्या? और तुमारा घुटना दराज को दबाके था पूरा टाइम."

एवढी वर्षं मी जे लपवलं होतं ते पहिल्या दिवसापासून उघडं होतं. मला काय वाटलं ते सांगता येत नाही; पण दुखऱ्या दाढेवरचा हात कोणीतरी बाजूला करावा आणि दाढ तिथे नाहीच हे कळावं, तसं काहीसं.

मग मी बाकीचं बोललो. घोडीचं, हसण्याचं, बँडमास्तरचं. त्याने मध्ये तोडलं नाही. राग होता का विचारलं, तर म्हणाला, होता. दोन वर्षं गौलीगुड्याच्या स्टँडवरून बस पकडली नाही. वळसा घालून दुसरीकडे जायचो, तुमचं दुकान दिसू नये म्हणून. मी खोटं बोललो त्याच आठवड्यात त्याने दुसरी घोडी कापली होती. नंतर आणखी पुष्कळ. काझीपेटला वाजवलं, मुलांना शिकवलं. मुंबईला गेलो असतो तर काय झालं असतं, हे त्याने स्वतःच काढलं. "मालूम नै. अच्छाइच होता शायद." माझ्या समाधानासाठी त्याने ते गोड करून सांगितलं नाही, याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

मी माफी मागितली. त्याने हात हलवला.

"मेरेकू कायकू बोलरे? मेरेकू तो मालूमच था. जिन लोगां को नै मालूम, उनको बोलो."

"आधे तो गुजर गए," मी म्हटलं. शास्त्रीगारू गेले, बँडमास्तर गेला.

"तो जो बचे, उनको बोलो."

म्हणून हा लेख. मंडळाच्या अंकात, जिथे माझी खोटी थोरवी सांगितली गेली तिथेच. आपल्यात वाजवणारे, वाजवणाऱ्यांचे मुलगे-मुली आहेत. त्या काळी ज्यांनी ऐकलं असेल, की रेमंड स्वतःचा दोष दुसऱ्यावर ढकलतो, त्यांनी कृपा करून नीट वाचावं. तो खरं बोलत होता. घोडी मी बदलली, न विचारता. मोडली नव्हती.

त्या दुपारचं थोडं राहिलं आहे. मी उठू लागलो तर तो म्हणाला, आलाच आहात तर ही बसवू या. डब्यांच्या झडपा आता अॅल्युमिनियमच्या येतात, असा साग पुन्हा मिळाला नाही. त्याने भिंतीवरचं आपलं व्हायोलिन काढलं, तारा थोड्या सैल केल्या, एकदम नाही, एकेक करून, आतला खांब पडू नये म्हणून. जुनी घोडी उभी केली. पायांखाली मी सवयीने कागद सरकवून बघितला. सरकला नाही. मी माझ्या पिशवीतून चाकू काढून मांडीवर ठेवला आणि म्हटलं, "पैले बजाके दिखाओ."

तो हसला. "हौ, सुना मैं. तुमारे उस्ताद का उसूल है बोलते लोगां."

"उस्ताद का नै," मी म्हटलं. "तुमारा है."

तो गजाला राळ चोळत राहिला, गरजेपेक्षा जास्त वेळ. मग व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं आणि तीन तारांवर गज टाकला. ऋचाचा बाहेरचा आवाज थांबला. मी ज्या सुराला एवढी वर्षं कॅसेटमधून ओळखत होतो तो आता पायाखालच्या फरशीतून येत होता. त्यात मध्येच जाड तार एका जागी थरथरून चिरकत होती. माझा हात आपोआप चाकूकडे गेला. त्याने वाजवणं थांबवल्यावर मी बोटाने ती जागा दाखवली.

"ये जो यहां घिसरा, वो निकालने का क्या?"

"नक्को," रेमंड म्हणाला. "वोइच तो रखने का है."

मी चाकू पिशवीत टाकला आणि तिची चेन लावली.